करडवाडीचा अभ्यास

करडवाडीत कुणाला मागून हाक मारली तर तो नुसती मान वळवत नसे, अख्खा वळत असे. आधी पाय फिरवायचे, मग कंबर, मग तोंड. बाहेरगावच्याला त्याचं हसू यायचं, गावात कुणाला काही वाटत नव्हतं. सगळं गाव ऊसतोडीला जाणारं. लग्न झालं की त्याच वर्षी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. मग मान जाणारच, गुडघे जाणारच, असं सगळे धरून चालले होते. शिवकन्याही त्यांतलीच. तिची माय भिवराबाई चाळिशीत वाकली आणि पन्नाशीच्या आत काठीवर आली. पोरीला शिकवायचं ते एवढ्याचसाठी, की हिची तरी मान सरळ राहावी.

पोर शिकली. शिरूर कासारला वसतिगृहात राहून शाळा केली, मग बीडला कॉलेज, मग वकिली. सनद मिळाली तरी थांबली नाही, कायद्यात पीएचडीला नाव घातलं. विषय घेतला पिण्याच्या पाण्याचा हक्क. दिसायला नीटस होती, फक्त दातांवर तपकिरी पट्टे होते. त्यामुळे हसताना तिचा हात आपोआप तोंडावर जायचा.

विद्यापीठात आप्पाराव म्हणून गणिताचे प्राध्यापक होते. त्यांना एक मोठा प्रकल्प मंजूर झाला होता. अट अशी, की गणित, इंजिनिअरिंग, वैद्यक आणि कायदा या चारही शाखांच्या लोकांनी मिळून एकाच प्रश्नावर संशोधन करायचं. बाकीचे मिळाले, कायद्याचं कुणी मिळेना, म्हणून त्यांनी शिवकन्येला बोलावून घेतलं. पहिल्याच बैठकीत प्रश्न कोणता घ्यायचा यावर खल चालला होता. समोर डॉक्टर शहादेव बसले होते, मेडिकल कॉलेजातले. शिवकन्या बोलत होती आणि ते तिच्या दातांकडे टक लावून बघत होते. तिला राग आला. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचं गाव कोणतं? पाणी कुठलं पिता तिथं?"

पाणी बोअरचं. शहाऐंशीच्या दुष्काळात विहिरी आटल्या, तेव्हा सहकारी साखर कारखान्याच्या त्या वेळच्या चेअरमननी गावाला बोअर पाडून दिला होता. गावानं हलग्या लावून त्यांची मिरवणूक काढली, बोअरच्या ओट्यावर त्यांच्या नावाची फरशी बसवली. आता त्यांचे चिरंजीव भगवानराव चेअरमन होते. त्या बोअरवर करडवाडीच्या दोन पिढ्या जगल्या होत्या.

शहादेवांनी नमुना नेला आणि तपासून आणला. पाण्यात फ्लोराईड होतं, आणि ते थोडंथोडकं नव्हतं. दात त्यानंच जात होते, हाडं त्यानंच आखडत होती. मोळी आणि फळी उगीच बदनाम झाली होती. करडवाडीला जुन्या चेअरमननी दिलेलं पाणी भोवत होतं.

 त्याच दिवशी शिवकन्येनं ठरवलं, अभ्यास आपल्याच गावाचा करायचा.

गावाला पटवायचं काम तिच्याकडे आलं. रक्त द्या, लघवी द्या, जीपमध्ये बसून एक्स-रे काढायला चला, हे आप्पाराव सरांच्या तोंडून कुणी ऐकलं नसतं. मारुतीच्या पारावर सगळे जमले. तिची चुलती चतुराबाई पुढं बसली होती, तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "शिवे, ही माणसं आमाला बरं करतील का गं?"

शिवकन्या जरा अडखळली. "आदी रोग कशाचा त्ये तर नीट कळू दे, काकू. मग इलाज."

लोकांनी ते 'हो' असंच ऐकलं, आणि तिनंही ते दुरुस्त केलं नाही.

अभ्यास मात्र मनापासून झाला, यात खोट काढता येणार नाही. शहादेव म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना हात लावून तपासत, घाण वाटून घेत नसत. आप्पाराव सर दुपारच्या उन्हात बोअरजवळ उभे राहून पाण्याची पातळी लिहून घेत. बोअर जितका खोल आणि वर्ष जितकं कोरडं, तितकं विष जास्त, हे त्यांनी गणितानं पक्कं मांडलं. इंजिनिअर लोकांनी शाळेजवळ एक गाळणी बसवली. प्रकल्प होता तोवर पोरांना चांगलं पाणी मिळालं. प्रकल्प संपला, आतला माल बदलायची वेळ आली, तेव्हा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, आता त्याला खर्चाचा हेड कुठला?" गाळणी कोरडी पडली आणि शेळ्या तिच्या सावलीला बसू लागल्या.

"मग आता कोर्टात जाऊ," शिवकन्या म्हणाली.

शहादेवांनी हात वर केला. "थांबा. पेपर छापून येऊ द्या. आधी आकडे बाहेर गेले तर कुठलंच चांगलं जर्नल घेणार नाही. आणि छापून आलेलं असलं तर कोर्टातही वजन पडेल."

बोलणं खरं होतं, म्हणून ती थांबली. पेपर एकीकडून परत आला, दुसरीकडे गेला, तिथं सुधारणा सुचवल्या. त्यात दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात गाव तेच पाणी पीत राहिलं. रोग कशाचा ते आता कळलं होतं, पण दुसरं पाणी नव्हतं. चतुराबाईचा थोरला, सटवा, अजून पस्तिशीचाही नव्हता. त्या दरम्यान तो बसला तो उठलाच नाही. शिवकन्या भेटायला गेली तेव्हा काकूनं चहा दिला, विचारपूस केली आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "छापून आलं का गं तुमचं?"

छापून आलं. पुण्याला परिषद भरली, शिवकन्याही गेली होती. थंडगार हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर एक पाठीचा कणा दिसत होता, बांबूसारखा एकसंध झालेला. पुढच्या रांगेतले लोक मोबाईलवर फोटो घेत होते. बाजूच्या एका बरगडीला जुना मोडल्याचा सांधा होता. तिची माय भिवराबाई एकदा उसाच्या गाडीवरून पडली होती, तेव्हाचा. शहादेव सांगत होते, "ही केस तर अतिशय सुंदर आहे." डॉक्टरांची ती बोलायची पद्धतच असते, वाईट मनानं कुणी बोलत नाही. तरी शिवकन्या उठून बाहेर गेली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत आत आली नाही.

मग ती हायकोर्टात लढली. गावातल्या लोकांना अर्जदार केलं, त्यात भिवराबाई होती, चतुराबाई होती. चारही शाखांचे पेपर जोडले. न्यायमूर्तींनी अंतरिम आदेशात लिहिलं, की असा सर्वांगीण अभ्यास क्वचित पाहायला मिळतो. हुकूम झाला: विषारी बोअर ताबडतोब बंद करावा, कायमची योजना होईपर्यंत गावाला टँकरनं शुद्ध पाणी द्यावं. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. तोंडावर हात घेतलेला.

ते दुष्काळाचं साल होतं. पाटोद्याकडचा, शिरूरकडचा सगळा भाग दिवाळीआधीच करपला होता. साहेब लोक आले, बोअरची मोटर काढली, पाइपाच्या तोंडावर पत्रा ठेवून वेल्डिंग मारलं. भगवानराव स्वतः हजर होते. त्यांनी भरल्या गळ्यानं भाषण केलं, वडिलांना त्या काळी हे ठाऊक नव्हतं म्हणाले, शिवकन्येला शाल दिली. टँकरचं काम एका पाणीवाटप सहकारी संस्थेला गेलं. ती संस्था भगवानरावांच्या जावयाची होती. कागदोपत्री सगळं नियमात होतं.

टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. आला की हंड्यांची एकच झुंबड उडायची. ज्यांच्या मानी वळत नव्हत्या त्या बायका गर्दीत धडपडून पडायच्या. तरी शिवकन्या फोनवर मायला सांगायची, "कळ काढ. पाणी तर चांगलं हाय ना."

संक्रांतीला ती गावी आली. टँकरवर ड्रायव्हर होता गावचाच पंडित, तिच्या शाळेतला. तिनं सहज विचारलं, "भरतोस कुठं रे?"

"कारखान्याच्या मळ्यात. दुसरीकडं कुठं पाणी हाय आता?"

"विहीर हाय का तिथं?"

"विहीर कशाची? बोअर. आपल्याहून लई खोल. सालभर तुटत न्हाई, लई ताकदीचा बोअर हाय," पंडित कौतुकानं म्हणाला.

 आप्पाराव सरांचं गणित शिवकन्येला पाठ होतं. तिनं टँकरच्या नळाखाली डबा धरला, औरंगाबादला जाऊन ते पाणी तपासून घेतलं. जुन्या बोअरपेक्षा हे पाणी वाईट होतं.

तिनं शहादेवांना फोन केला. ते आता डेंग्यूवर काम करत होते. म्हणाले, "मशीन प्रकल्पाचं होतं, ते जमा झालं. मी एकट्यानं सांगून काय उपयोग?" आप्पाराव सर निवृत्त होऊन मुलाकडे गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हळहळले, आणि म्हणाले, "पण शिवकन्या, एकच नमुना ना? एका नमुन्यावरून मी सही कशी करू?"

ती एकटीच कोर्टात उभी राहिली. संस्थेचे वकील शांत गृहस्थ होते. आवाज न चढवता त्यांनी तिनंच पूर्वी जोडलेला पेपर उघडला आणि आप्पाराव सरांचा परिच्छेद वाचला: एखाद्या सुट्या नमुन्यावरून कोणताही निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे, किमान वर्षभर, सर्व ऋतूंत, ठरावीक पद्धतीनं नमुने घेतले पाहिजेत.

"माननीय न्यायालयानं ज्या संशोधनाची प्रशंसा केली, त्याचंच हे म्हणणं आहे," ते म्हणाले. "विद्वान भगिनींना आता ते मान्य नाही का?"

मान्य होतं. ते वाक्य तिनंच मुद्रितं तपासताना कायम ठेवलं होतं. ती म्हणाली, "वर्षभर नमुने घेईपर्यंत लोकांनी काय प्यायचं?" न्यायमूर्तींनी सहानुभूतीनं तिच्याकडे पाहिलं, रीतसर अभ्यास करून अहवाल आणण्याची मुभा दिली आणि पुढची तारीख दिली.

तारखेआधीच गावाचा धीर सुटला. चैत्रात टँकर सलग बरेच दिवस आला नाही, तेव्हा पंडित आणि आणखी काही जणांनी घणानं वेल्डिंग तोडलं, बोअरला जुनी मोटर सोडली. पाणी आलं. बायकांनी ओट्यावरच्या फरशीला हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी आली, कोर्टाचं सील तोडलं म्हणून पुरुषांना घेऊन गेली.

शिवकन्या बीडहून धावत आली. पोलीस ठाण्यासमोर चतुराबाई बसली होती.

"काकू, मी जामिनाचं बघते. कुणाला कायी होऊ देणार न्हाई."

"नको, बाई. चेअरमननं वकील दिलाय."

"चेअरमनचा वकील? काकू, त्येच तर..."

"सील कुणाच्या अर्जानं लागलं?" चतुराबाईनं विचारलं. तिला वर बघता येत नव्हतं, ती समोरच्या धुळीकडे बघत बोलत होती. "आमी रक्त दिलं, हाडं दाखवली, अंगठे दिले. तू म्हणशील तसं. कावून, तर तू आपली. सटवा बसला तवाबी आमी तुला काय म्हणलं न्हाई. पर घरासमोरचं पाणी व्हतं तेबी तू बंद केलंस. आता आमाला सोड, बाई. तू आमच्यावर शिकलीस, लई शिकलीस. बास झालं."



तारखेला ती कोर्टात गेली तेव्हा दुसऱ्या वकिलानं अर्ज पुढं केला. अर्जदारांची आता काही तक्रार उरलेली नाही, गावाला पाणी मिळत आहे, याचिका मागे घेण्याची परवानगी मिळावी. खाली अंगठे होते. तिनं एकेक नाव वाचलं. चौथा अंगठा भिवराबाईचा होता. न्यायमूर्तींनी विचारलं, "आपलं काही म्हणणं?" अर्जदारच मागे हटल्यावर वकिलाचं म्हणणं ते काय असणार. याचिका निकाली निघाली, आणि बोअर बंद ठेवण्याचा हुकूमही तिच्याबरोबर गेला. पोलिसांतलं प्रकरणही भगवानरावांनी शब्द टाकून मिटवलं, आणि बोअरच्या फरशीवर वडिलांच्या नावाखाली त्यांचं नाव आलं.

त्याच महिन्यात तिच्या प्रबंधाचा निकाल लागला. परीक्षकांनी पाचव्या प्रकरणाचं विशेष कौतुक केलं होतं. त्यात करडवाडीचं उदाहरण होतं, संशोधनातून न्याय कसा मिळतो याचं. ते प्रकरण काढून घ्यावं असं तिच्या मनात आलं होतं, पण छापील प्रती केव्हाच जमा झाल्या होत्या. आणि खरं सांगायचं, तर तिनं तसं विचारूनही पाहिलं नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी ती घरी गेली. भिवराबाई दारात बसली होती. पोरीच्या चपलांचा आवाज ओळखून ती हळूहळू अख्खी वळली.

शिवकन्या तिच्याशेजारी टेकली. कितीतरी दिवस मनात धरून ठेवलेलं तिनं विचारलं, "माय, तू बी अंगठा दिलास?"

"दिला," भिवराबाई म्हणाली. "मला हितं ऱ्हायचंय, शिवे. सकाळी उठून चतुरीच्याच दारावरनं जायचंय. मेले तर हीच चार घरं उचलणार. तुला काय, तू बीडला."

"ते पाणी कसलं हाय, तुला ठाव हाय ना?"

"तूच तर सांगितलं. ठाव हाय की."

मग ती काठीचा आधार घेऊन उठली, आत गेली. रांजणातून तांब्या भरून स्वतः घटाघटा पाणी प्याली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दुकानातल्या सीलबंद पाण्याची बाटली होती. फाट्यावर जाणाऱ्या कुणाला तरी सांगून मागवलेली.

"तू ह्ये पी," ती म्हणाली. "आमचं नको पिऊस."