किल्ली आतच ठेवलेली मोटार

मी एक जुनी, पांढरी, भाड्यानं फिरणारी मोटार आहे, मित्रांनो. रंग आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्या रंगानंच केला. आमच्या कार्पाथोस बेटावर ऊन असं पडतं की गडद रंगाच्या गाडीत बसणं म्हणजे भट्टीत बसणं. म्हणून इथे जो तो पांढरीच गाडी घेतो. पाववाल्याची पांढरी, पाद्रीबाबांची पांढरी, डॉक्टरांची पांढरी. बंदरावर आम्ही ओळीनं उभ्या राहिलो की खुद्द मालकसुद्धा दोनदा बघतो.

मला घेतलं सेवास्तीनं. बंदरासमोर तिचं दुमजली घर आहे. खाली भाड्याच्या गाड्यांची कचेरी, वर राहायची जागा. आमच्याकडे घर थोरल्या मुलीला मिळतं, आणि घराबरोबर म्हातारी आईही तिच्याकडेच येते. ही आई म्हणजे कालित्साआजी. मी नवी होते तेव्हा सेवास्ती मला रोज गोड्या पाण्यानं धुवायची आणि आजी पदराएवढ्या रुमालानं माझ्या काचा पुसायची. "माझी राणी," असं म्हणायची. आजी स्वतः गाडी चालवायची, आणि तीही अशी की गावातले बाप्ये वळणावर बाजूला थांबायचे.

मग वर्षं गेली. उन्हाळ्यात तरुण मंडळी मला घेऊन किनाऱ्या-किनाऱ्यानं धावायची, ओल्या अंगानं माझ्यावर बसायची, वाळू सांडायची आणि निघून जायची. मला आवडायचा तो शरद ऋतू. किनाऱ्यावरच्या छत्र्या काढून ठेवलेल्या, खाण्याच्या टपऱ्यांना फळ्या ठोकलेल्या, शेळ्या थेट लाटांपर्यंत उतरलेल्या. आणि समुद्र मात्र अजून कोमट. तेव्हा येणारी माणसं वयानं मोठी असतात, सावकाश चालवतात आणि दार हळू लावतात. पण याच दिवसांत आमच्या दुरुस्त्या राहतात. काहीही बिघडलं की बेटावर एकच उत्तर मिळतं, "संत दिमित्रीचा सण होऊ दे, मग बघू." हंगाम तेव्हा संपतो ना! माझा हॉर्न सप्टेंबरातच गेला होता. सेवास्ती म्हणाली, "राहिलेत किती दिवस? आणि इथे हॉर्न लागतोय कुणाला? शेळ्या काय हॉर्ननं हलतात?"

आजीचंही तेव्हाच बिघडायला लागलं होतं. आजोबा मिनास जाऊन अकरा वर्षं झाली होती. ते शिडाच्या होडीतून माल आणायचे. रस्ता नव्हता तेव्हा होडी पलीकडच्या किनाऱ्याला लागायची आणि आजी पीठ उतरवून घ्यायला जायची. आता ती कचेरीबाहेर खुर्चीवर बसून दिवसातून वीसदा विचारायची, "मिनास आला का?" सेवास्ती आधी समजावून सांगायची, मग चिडायची, मग काहीच बोलेनाशी झाली. तिलाही दोष कसा देऊ? एकटी बाई, सात गाड्या आणि घर, नाकी नऊ आले होते तिच्या.

ऑक्टोबरातला तो मंगळवार. सकाळच्या बोटीनं डेन्मार्कचं एक जोडपं येणार होतं. सेवास्तीनं मला धक्क्यावर नेऊन लावलं, किल्ली आतच ठेवली आणि त्यांना निरोप धाडला, "पांढरी गाडी, दार उघडंच आहे." आमच्याकडे अशीच पद्धत आहे. चोरून नेणार कुठे? चहूकडे पाणी. मग ती उरलेल्या गाड्या धुवायला मागच्या अंगणात गेली. तिला वाटलं, आई शेजारी मारीनामावशीकडे असेल. मारीनामावशीला वाटलं, लेकीजवळ असेल.

आजी माझ्यापाशी आली. घरातल्या सपाता, अंगावर काळा स्वेटर. दार उघडून बसली, आसन पुढे ओढलं, आरसा नीट केला. डोकं विसरलं असेल, पण तिचे हात काही विसरले नव्हते. "चल गं बये," ती म्हणाली, "मिनास खोळंबलाय, पीठ भिजेल." आणि मी चालू झाले. काय करणार, मित्रांनो? किल्ली फिरवली की चालू व्हायचं, एवढंच मला येतं.

थोड्या वेळानं बोट लागली. मागे काय झालं ते मला नंतर लोकांच्या तोंडून कळलं. ते जोडपं धक्क्यावर उतरलं. तिथे एक पांढरी गाडी, दार उघडं, किल्ली आत, आणि मागच्या बाकावर ताज्या पावांच्या पाट्या. बाईचं नाव इंगर. ती नवऱ्याला म्हणाली, "बघ, किती अगत्य या लोकांचं! पावसुद्धा ठेवलेत." आणि दोघं पाव खात निघून गेली.

ती गाडी होती पोलिख्रोनिस पाववाल्याची. तो कॉफीखान्यात एक पाटी टाकायला गेला होता आणि आमच्या रिवाजाप्रमाणे तिथेच बसला होता. बाहेर येऊन बघतो तर गाडी नाही. दुसऱ्या कुठल्या गावात माणूस ओरडला असता. पोलिख्रोनिस म्हणाला, "पाद्रीबाबानं नेली असेल. लावेल आणून," आणि त्यानं आणखी एक कॉफी मागवली. सेवास्तीनं वरून डोकावून पाहिलं. धक्क्यावर पांढरी गाडी नव्हती. "नेली वाटतं पाहुण्यांनी," म्हणून ती परत आत गेली. सगळा हिशेब कसा अगदी बरोबर लागला होता!

आणि मी पलीकडच्या किनाऱ्यावर होते. आजीनं मला डांबरी रस्त्यावरून वाळूत घातलं आणि थेट पाण्याच्या कडेला नेऊन उभं केलं, गोण्या फार लांब उचलाव्या लागू नयेत म्हणून. माझी चाकं निम्मी वाळूत रुतली. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. "आलो बरं का आपण," आजी म्हणाली. "दिसतेय का गं होडी तुला?" थोड्या वेळानं, "वारा दक्षिणेचा आहे, नाही का?" मग पुन्हा, "ऐकतेयस ना गं?" ऐकत होते हो मी! एकेक शब्द ऐकत होते. होडी बुजरी असेल, बोलावल्याशिवाय यायची नाही, असं काहीसं पुटपुटत आजीनं हॉर्न दाबला. एकदा, दोनदा, तळहातानं, मग मुठीनं. माझ्यातून आवाज निघाला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा.

दुपारी एक पांढरी गाडी उतारावरून आली तेव्हा मला वाटलं, सुटलो. ते डेन्मार्कचं जोडपं होतं. ज्यांच्यासाठी मला धुऊन-पुसून उभं केलं होतं, तेच माझ्यापासून दहा पावलांवर टॉवेल पसरत होते. पोहून झाल्यावर इंगर एक पाव घेऊन माझ्या खिडकीशी आली आणि हसून तो आजीला दिला. आजीनं पावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"एवढंच? बाकीचं कुठाय? आणि तो स्वतः का नाही आला?"

इंगरला ओ की ठो कळलं नाही. ती मान डोलवून नवऱ्याजवळ गेली. "किती शांत बसल्यात बघ आजी, समुद्र बघत. आपण उगाच त्रास नको द्यायला." त्यांनी लांबून आमचा एक फोटो काढला आणि वारा गार झाला म्हणून गाडी वळवली. माझ्या चाकांना तेव्हा पाणी लागलं होतं, पण त्यांना ती मौज वाटली असेल. चांगली माणसं होती, म्हणूनच तर त्यांनी विचारलं नाही.

दक्षिणेचा वारा आमच्याकडे सुरू झाला की दम खात नाही. लाटा चाकांवरून दारापर्यंत आल्या. दाराच्या फटीतून पाणी आत शिरलं. आधी आजीच्या सपाता भिजल्या, मग घोटे, मग पोटऱ्या. "पीठ भिजतंय," ती म्हणत राहिली. थंडीनं तिचे दात वाजत होते, तरी ती उतरेना. मी भिजले, विझले, एवढंच माझ्या हातून झालं.

ऊन कलताना ते जोडपं सेवास्तीच्या कचेरीत पावांचे आभार मानायला गेलं. समोर कॉफीखान्यात पोलिख्रोनिस बसलेलाच होता. "ही तर माझी गाडी!" तो म्हणाला, "आणि पाद्रीबाबाला मी सकाळपासून शिव्या घालतोय!" बंदरभर हशा पिकला. सेवास्तीही हसली. मग तिचं हसू थांबलं.

"मग माझी गाडी कुठाय?"

"असेल कुठेतरी. जाते कुठे?" कोणीतरी म्हणालं. इंगरला वाटलं, आपण मदत करावी. तिनं फोनवर दिवसाचे फोटो दाखवले. किनारा, शेळ्या, मग लाटांत उभी एक पांढरी गाडी आणि खिडकीत काळ्या स्वेटरातली बाई. सेवास्तीनं वळून खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची सकाळपासून रिकामी होती, आणि ते दिवसभरात कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पाव गेले ते दहा मिनिटांत कळलं होतं.

ती पोलिख्रोनिसच्या गाडीतून आली आणि कपड्यांसकट पाण्यात धावली. "आई, उतर! उतर आधी!"

आजीनं स्टिअरिंगचं चक्र घट्ट धरलं. "तू कोण गं? मी मिनासची वाट बघतेय, पीठ उतरवायचंय."

"बाबा गेले आई, अकरा वर्षं झाली. किती वेळा सांगू?"

हे ऐकून आजीचा चेहरा असा झाला, जणू ते तिला आत्ताच पहिल्यांदा कळलं. तिनं चक्र आणखी घट्ट धरलं. सेवास्ती तिची बोटं सोडवायला लागली. एक सुटलं की दुसरं आवळायचं. मोठी लाट आली आणि पाणी आसनावर चढलं. सेवास्ती रडायला लागली, आजीही रडायला लागली, आणि मी दोघींच्या मधे नुसता पत्रा होऊन उभी.

तेव्हा पोलिख्रोनिस कमरेएवढ्या पाण्यातून दुसऱ्या बाजूनं आला. त्यानं खिडकीतून डोकं आत घातलं आणि रोज पाव देताना बोलतो तसा म्हणाला, "कालित्सामावशी, पीठ उतरवलं बरं का सगळं. मी नेलं भट्टीवर."

आजीनं त्याच्याकडे पाहिलं. "भिजलं नाही ना?"

"एक गोणी नाही भिजली."

"आणि मिनास?"

पोलिख्रोनिसनं सेवास्तीकडे पाहिलं. तिनं आईची बोटं सोडून दिली. मग म्हणाली, "येतायत गं आई. होडी बांधून येतायत."

"मग सकाळपासून सांगायचं नाही का?" आजी म्हणाली आणि तिनं हात सोडले. दोघांनी तिला उचलून बाहेर नेलं.

मला दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं ओढून काढलं. खाऱ्या पाण्यानं माझं आतलं सगळं खाल्लं होतं. आता मी सेवास्तीच्या मागच्या अंगणात असते आणि माझ्यात कोंबड्या अंडी घालतात. आजी दुखण्यातून उठली. दुपारी येऊन ती कोंबड्यांना हुसकते, माझ्या पुढच्या आसनावर बसते आणि विचारते, "मिनास आला का?" स्वयंपाकघरातून सेवास्तीचा आवाज येतो, "येतायत गं आई!" मग आजी समाधानानं हात मांडीवर ठेवते. पण कधी सेवास्ती गिऱ्हाइकाजवळ असते, कधी तिला ऐकू येत नाही. तेव्हा आजी दोनदा विचारते, तीनदा विचारते, आणि मग माझ्या काचेतून नुसती समोरच्या भिंतीकडे बघत राहते.

मित्रांनो, मला धुवा, तेलपाणी करा, हे सगळं मी सांगणार होते; ते आता राहू दे. तुमच्या घरात कोणी तेच तेच विचारत असेल तर एवढंच करा. ओ द्या. मला तोंड असतं, तर मी दिली असती.