येडबाच्या घोंगडीतली डबी

"मग त्या मुनिमाचं काय झालं?" गौराबाईनं विचारलं.

अण्णारावांनी पुस्तकातलं बोट न काढता बायकोकडं पाहिलं. गंगाखेड मागं पडलं होतं आणि गाडी परभणीच्या दिशेनं रमतगमत चालली होती.

"मुनीम मागच्या गोष्टीत व्हता. ही निराळी हाय. हिच्यात बोटीवर खून झालाय."

"आन धर्मशाळेतला त्यो बुवा?"

"त्यो त्याच्याबी मागच्या गोष्टीत."

गौराबाईच्या डोक्यात सगळ्या गोष्टींची खिचडी झाली होती. धर्मशाळेतल्या बुवानं बोटीवरच्या मुनिमाला आगगाडीत विष घातलं, असं काहीतरी ती धरून चालली होती. खरं सांगायचं तर अण्णारावांचंही फार वेगळं नव्हतं. फक्त ते कबूल करत नसत.

अण्णाराव म्हणजे परभणीतले एक लहानसे किराणा दुकानदार, जातीनं लिंगायत. आयुष्यात सोलापूरच्या पुढं गेले नाहीत. सोलापूरला माल आणायला गेले असताना हे पुस्तक त्यांनी घेतलं. त्यात निरनिराळ्या लेखकांनी लिहिलेल्या खून-दरोड्यांच्या गोष्टी होत्या. प्रत्येकीत कोणीतरी प्रवासाला निघायचा आणि धड पोचायचा नाही. तेव्हापासून अण्णारावांना माणसं पारखण्याचा नाद लागला. दुकानात गूळ मागायला आलेल्या गिऱ्हाइकाच्याही हाताकडं ते आधी बघत.

डब्यात दाराशी एक धनगर घोंगडी पसरून खाली बसला होता. चढताना कोणी विचारलं तेव्हा त्यानं नाव येडबा सांगितलं होतं; पोखर्णीकडचा होता आणि नदीकाठी मेंढरं चारायचा. त्यानं भाकरी काढायला घोंगडीची गाठ सोडली, आणि भाकरीबरोबर चांदीची एक डबी बाहेर आली. त्यानं ती चटकन आत सारली. पण गौराबाईनं पाहायचं ते पाहिलं होतं.

"अवं," ती कुजबुजली, "ती लिंगाची डबी हाय."

अण्णारावांचा हात नकळत स्वतःच्या गळ्याशी गेला. लिंगायताच्या गळ्यातलं लिंग जिवंतपणी सुटत नाही. मेल्यावरही नाही, माणसाला बसवून माती देतात तेव्हा ते त्याच्या तळहातावर ठेवतात. मग ही डबी धनगराच्या घोंगडीत आली कशी? म्हणजे हिचा धनी मेला होता, आणि त्याला माती मिळालेली नव्हती. याच्यापुढं पुस्तकातले पुरावे म्हणजे पोरखेळ.

"काय रं, ती डबी कोनाची?" अण्णारावांनी विचारलं.

येडबानं घास तसाच हातात धरला. "कोनती डबी, मालक?"

"आत सारलीस ती."

"ती व्हय. ती... एकाची हाय. द्यायला चाललोय."

"कोनाला? नाव सांग. परभनीतला आमचा समदा समाज मला ठाव हाय."

"नाव न्हाई सांगता येत." येडबानं मान खाली घातली. "भंडारा उचलून शबूद दिलाय, मालक. पर मला आडवू नगा. उशीर झाला तर मानूस जाईल."

ही धमकी होती की विनवणी, ते अण्णारावांना कळेना. पुस्तकात ज्याच्यावर संशय येतो तो कधीच गुन्हेगार नसतो, दुसराच कोणीतरी निघतो. त्या हिशेबानं हा धनगर निर्दोष. पण लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून एका गोष्टीत त्यानं मुद्दाम संशयितालाच खुनी केलं होतं. त्या हिशेबानं हाच खुनी. अण्णारावांचं डोकं गरगरायला लागलं. त्यांना त्या माणसाची भीती वाटत होती आणि दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम कसं वाटावं हेच त्यांना उमगत नव्हतं.

"गप बसू नगा," गौराबाई म्हणाली. "कुनाचा तरी बाप आसंल त्यो डबीवाला."

ते ऐकून त्यांनी ठरवलं. मधल्या एका स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा त्यांनी खाली उतरून पोलीस जमादाराला हाक मारली. येडबानं झटापट केली नाही. डबी काढून घेताना तेवढं म्हणाला, "सांभाळून धरा, साहेब. ती भुईवर ठेवू नगा."

परभणीला उतरल्यावर अण्णाराव ताठ मानेनं गल्लीत शिरले. आपल्या हातून एक मोठं काम झालं, असं त्यांना वाटत होतं. कोपऱ्यावरच्या घराशी माणसं उभी होती. ते घर वीरुपाक्षअप्पांचं, गल्लीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाचं. अप्पांचा मुलगा बसवंतराव अण्णारावांना पाहताच पुढं आला आणि हाताला धरून बाजूला घेऊन गेला.

"अण्णाराव, कुठं बोलू नगा. अप्पा माज्या भैनीकडं, अक्काकडं गंगाखेडला गेलते. नदीच्या घाटावर गंगेत आंघोळ करताना त्यांच्या गळ्यातलं लिंग डबीसकट गेलं. तवापासून अन्न न्हाई, निस्तं चमचाभर पानी. मठाचे स्वामी म्हनले, नवं देतो, तर मान हलवत्यात. ह्या वयात ही लाज नगं, म्हनत्यात."

अण्णारावांचा हात पुन्हा गळ्याशी गेला.

"अक्कानं घाटावरच्या धनगरांना सांगून ठिवलं व्हतं. सापडलं तर आना, पर नावाचा बोभाटा करू नगा. काल निरोप आलाय, एकाला गाळात घावलं म्हून. आजच्या गाडीनं येनार हाय त्यो. तुमी त्याच गाडीनं आलाव की. दिसला का?"

"दिसला," अण्णाराव म्हणाले. "म्या त्याला पोलिसात दिला."

बसवंतराव त्यांच्याकडं बघतच राहिला. त्याला राग यायला हवा होता, पण ऐकलं ते त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. आत खाटेवर अप्पा पडले होते. रस्त्यावर टांग्याचा आवाज झाला की त्यांचे डोळे दाराकडं वळत.

दोघं बैलगाडी जुंपून तसेच त्या मधल्या स्टेशनाकडं निघाले. जमादार तिथल्या चौकीत विडी ओढत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दोपहर को तुमीच बोले ये खूनी है. अब बोलते बेगुनाह है. एक बात पे रहो, अण्णाराव."

"माझी चूक झाली, साहेब. लय मोठी चूक झाली. सोडा त्याला."

"थाने के अमीनसाब दौरे पे हैं. कल आते. उनके हुकुम के बगैर मैं नहीं छोडता."

"मग डबी तरी द्या," बसवंतराव हात जोडून म्हणाला. "आमचा बाप चाललाय, साहेब."

"वो तो मुद्देमाल है."

गजाआड येडबा भिंतीला टेकून बसला होता. अण्णाराव जवळ गेले. येडबाच आधी बोलला.

"नाव म्या न्हाई सांगितलं, मालक. त्यांनी लय इचारलं."

बसवंतराव बैलगाडी घेऊन घरी परतला. माणूस निघालाय, उद्या पोचतो, एवढंच तो अप्पांना सांगणार होता. अण्णाराव चौकीच्या ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर अमीनसाहेब आले. त्यांनी दोन मिनिटांत कागदावर सही केली आणि जमादारालाच खडसावलं. त्या खडसावण्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.

अण्णाराव आणि येडबाचा टांगा गल्लीत शिरला तेव्हा घरासमोर बेलाच्या पानांच्या टोपल्या ठेवलेल्या होत्या. अप्पा पहाटेच गेले होते. भिंतीला टेकवून त्यांना बसवलं होतं, कपाळभर विभूती होती, आणि मांडीवरचा डावा तळहात मोकळा होता. मातीला नेण्याआधी थोडं थांबू या, असं स्वामी म्हणाले होते, म्हणून माणसं थांबली होती.

येडबा उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. त्यानं दोन्ही हातांवर डबी धरून स्वामींपुढं केली. स्वामींनी लिंग धुऊन अप्पांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली. बसवंतरावाला तेव्हा रडू फुटलं. गौराबाई दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होती. अण्णारावांना रडताही येईना. आपण कोणाला वाचवायला गेलो होतो, हेच त्यांना आठवत नव्हतं.

माती देऊन माणसं परतली. येडबा लिंबाखाली बसला होता. बसवंतरावाच्या घरून आलेली भाकरी त्यानं खाल्ली, पाणी प्याला. अण्णाराव त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"येडबा, म्या तुजा गुन्हेगार हाय."

येडबानं हात धोतराला पुसले. मग त्यानं विचारलं, "म्या निघालो व्हतो, ते म्हाताऱ्याला कळलं व्हतं का?"

बसवंतरावानं रात्री परतल्यावर अप्पांना सांगितलं होतं. नंतर त्यांनी डोळा मिटला नाही. एकदा पाणी दिलं तर म्हणाले, तो आला की मग घेईन. हे सगळं सकाळपासून गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी होतं, आणि अण्णारावांनीही ते ऐकलं होतं.

"कळलं व्हतं," ते म्हणाले. पाण्याचं त्यांनी सांगितलं नाही.

"मग बरं झालं," येडबा म्हणाला. त्यानं घोंगडी झटकून खांद्यावर टाकली.

"सांजच्याला गाडी हाय. तिकीट म्या काढतो."

"नगं, मालक. पायी जातो. गाडीत मानसं लय इचारत्यात."

तो गल्लीच्या तोंडाशी गेला आणि गंगाखेडच्या वाटेला लागला.