घेवड्याच्या ओळींतलं गवत

घेवड्यातलं गवत पिवळं पडलंय हे आधी माझ्या ध्यानातच आलं नाही. आमच्या चिमुरडीनं, सृष्टीनं मूठभर उपटून माझ्या मांडीवर टाकलं तेव्हा दिसलं. श्रावणातली भुरभुर चालू होती, बांधावरचं गवत गुडघाभर, हिरवंगार. आणि आमच्याच ओळींत शेंडे करपलेले. घेवड्याची खालची पानंही कडेनं जळाल्यासारखी.

सातपूरची खोली सोडून, कपाट-टीव्ही विकून आम्ही वणीच्या अलीकडं नवऱ्याच्या, सुनीलच्या गावी आलो, ते या तुकड्यासाठी. इथं नांगर घातला नाही, औषधाचा थेंब पाडला नाही. गवत विळ्यानं कापायचं आणि तिथंच अंथरायचं, म्हणजे माती उघडी पडत नाही. पहिल्या वर्षी फारसं काही आलं नाही. शेजारचे जयरामभाऊ येता-जाता विचारायचे, "सूनबाई, गवताला काय भाव यंदा?" या वर्षी मात्र घेवडा लगडला. बिनऔषधाचा म्हणून नाशिकची काही घरं दर शनिवारी घेऊ लागली. ती टिकली तर इथं राहायचं, नाहीतर दसऱ्यानंतर सुनीलनं परत सातपूरच्या कंपनीत जायचं, असं आमचं ठरलेलं.

सासूबाई गोठ्यात शेण भरत होत्या. ते पिवळं गवत मी त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी पाटी खाली ठेवली.

"जयरामकून मारून घेतलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पोरीला लस द्यायला गेल्ते तव्हा."

"काय मारलं, आई?"

"गवताचं औषध. दुसरं काय."

मी हातातलं गवत खाली टाकलं.

"पोर पाठीला बांधून दिसभर वाकू ऱ्हायली तू. रातच्याला कंबर धरून कण्हती, ते मला ऐकू येत नाय व्हय? सुनीलला सांगितलं, तर म्हनतो, आई तुला त्यातलं कळत नाय. मंग मला कळतं तेवढं केलं."

गवत गुपचूप मरेल, सुनेला चार दिवस विसावा मिळेल, एवढाच त्यांचा हिशोब. घेवड्यावर उडू देऊ नको, असं जयरामभाऊंना बजावलंही होतं. त्यांची स्वतःची कंबर निंदणी करून करून अशी झालीय, की उभ्या राहिल्या तरी वाकलेल्याच दिसतात. खाली ठेवलेली पाटी मीच उचलून शेणाच्या खड्ड्याकडं नेली.

सुनील आला, ओळीत उकिडवा बसला, माती हातात घेऊन बसूनच राहिला. शनिवार उद्यावर आलेला. मी सगळ्या गिऱ्हाइकांना फोनवर लिहून टाकलं, की शेतात औषध मारलं गेलंय, घेवडा पाठवत नाही. "मग कंपनीत विचारून ठेवतो," सुनील हळूच म्हणाला.

उत्तरं यायला लागली. आईंनी वाचायला लावली म्हणून मी मोठ्यानं वाचली. एक बाई म्हणत होत्या, एवढं काय त्यात, घरी पाहुणे आहेत, पाठवून द्या. दुसऱ्यांनी लिहिलं, मिठाच्या पाण्यात धुऊन घेऊ. एकांनी विचारलं, मग भाव कमी करणार ना?

सुनीलचा चेहरा उजळला. गिऱ्हाईकच घ्यायला तयार आहे म्हटल्यावर आपण कशाला अडायचं, असं म्हणत तो पाटी घेऊन ओळीत शिरला. मी अडवलं नाही. औषध नको हा हट्ट माझ्या एकटीचाच होता की काय, हेच मनात घोळत होतं.

दुपारी भरलेली पाटी ओट्यावर आली. सृष्टीनं रोजच्यासारखी त्यातली एक शेंग उचलून तोंडात घातली. आई भाकरी टाकून धावल्या. पोरीच्या तोंडात बोट घालून त्यांनी शेंग बाहेर काढली.

"थू कर बाई. थू."

पोरीनं भोकाड पसरलं. ओली शेंग हातात धरून आई पाटीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पाटी कमरेवर घेतली, शेणाच्या खड्ड्यापर्यंत चालत गेल्या आणि पालथी केली.

"आई, लोकं धुऊन घेणार होते," सुनील म्हणाला.

त्यांनी पाटी दगडावर आपटून झाडली.

"तू जा कंपनीत, दसरा झाला की," त्या म्हणाल्या. "हितलं ही आन मी बघू."