सात नंबरच्या मशीनवरच्या दोघी

मी कीबोर्ड बोलतोय. उच्च माध्यमिकच्या संगणक प्रयोगशाळेतला, सात नंबरच्या मशीनचा. सध्या कपाटावरच्या खोक्यात पडलोय, पण गप्प पडून राहणं माझ्या स्वभावातच नाही.

कारखान्यात माझ्या एकेका बटणावर शेकडो ठोके मारून मला पास केलं, तेव्हापासून अंगात चुळबुळ भरली ती भरलीच. सुट्टीच्या दिवशी प्लास्टिकच्या आवरणाखाली नुसता जीव घुसमटायचा.

प्रोग्रॅमिंगचा विषय घेतलेली मुलं चाळीस आणि मशीन वीस. म्हणून एकेका मशीनला दोघं, एक टाइप करणार आणि दुसरा शेजारी बसून सांगणार. माझ्या वाट्याला दोघी आल्या. टाइप करणारीला सगळे टकटक म्हणत. तिची बोटं पळायला लागली की कुठे माझा जीव भांड्यात पडे. सांगणारी ती मास्तरीण. छताकडे बघत म्हणायची, "आता लूप घे. आत अट लिही," आणि टकटक लिहीत सुटायची.

दोन वर्षांत त्यांनी एकदाही खुर्च्या बदलल्या नाहीत. कशाला बदलतील? वर्गात सगळ्यांत आधी आमचंच काम व्हायचं. मॅडम कौतुक करायच्या आणि मीही फुगायचो. टकटकच्या बोटांनी माझी निम्मी अक्षरं पुसली होती. सेमीकोलनचं बटण तर दोनदा दाबल्याशिवाय दाद देत नसे.

प्रात्यक्षिक परीक्षेला दोन आठवडे उरले, तेव्हा मॅडमनी सांगितलं की परीक्षेला एकेकट्यानेच बसायचं. पास झाल्या तर एका कंपनीत दोघींनाही शिकाऊ म्हणून घेणार होते. मास्तरीण पांढरीफटक पडली. तिला माझ्यावरचं एक अक्षर धड सापडत नव्हतं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मधल्या सुट्टीत तिने माझी सगळी बटणं पुठ्ठ्यावर काढून घेतली. घरी आईच्या शिलाई मशीनशेजारी बसून ती त्या पुठ्ठ्यावर बोटं आपटायची. तिची आई म्हणे तिला सारखी बजावायची, "मी काय पायांकडे बघून शिवते? तूही बोटांकडे बघू नकोस." हे सगळं तिने टकटकला सांगितलं, तेव्हा टकटक हसली. आपला हात चालतो, आपल्याला कसली भीती, असं तिला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं.

परीक्षेला मास्तरीण माझ्यासमोर बसली आणि टकटक आठ नंबरवर. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला पाहून नाक मुरडलं. "याच्यावर निम्मी अक्षरंच नाहीत. दुसऱ्या मशीनवर बस हवं तर."

"नको सर," मास्तरीण म्हणाली, "मला हाच पाठ आहे."

एकेका बोटाने, गोगलगायीच्या चालीने तिने लिहिलं. सेमीकोलन आठवणीने दोनदा दाबलं. वेळ संपता संपता पडद्यावर बरोबर उत्तर उमटलं. मला नाचावंसं वाटलं, पण शेजारून काहीच आवाज येईना.

सुरुवातीच्या ठरलेल्या चार ओळी टकटकने झरझर लिहिल्या होत्या आणि तिथेच ती थांबली होती. दहाही बोटं बटणांवर तयार. मान मात्र शेजारच्या खुर्चीकडे वळलेली. पुढचं सांगायला तिथे कुणी नव्हतं. ती शेवटपर्यंत तशीच बसून राहिली.

दोन वर्षं मी तिच्या बोटांखाली होतो. ही नुसतं ऐकून लिहिते, हे मला कळायला हवं होतं. वेगावर भाळलो. ते अजून मला स्वस्थ पडू देत नाही.

माझ्या जागी आता नवा कीबोर्ड आहे. मास्तरीण कंपनीत रुजू झाली, पण टकटकची फेरपरीक्षा आहे म्हणून दर शनिवारी इथे येते. पोरांनो, एका मशीनवर दोघं बसत असाल तर अर्ध्या तासात खुर्च्या बदला. मला एवढंच सांगायचं होतं.

आज शनिवार. खाली खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. खोक्याच्या फटीतून दिसतंय, आता मास्तरणीचे हात कीबोर्डवर आहेत आणि टकटक छताकडे बघते आहे. मी खोक्यात जीव मुठीत धरून पडलोय.

मग टकटक हळूच म्हणते, "आता... लूप घे."