विसरभोळ्या प्रोफेसरांचा किस्सा

तो किस्सा शाळेच्या पुस्तकात वर्षानुवर्षं होता. प्रोफेसर विचारांच्या तंद्रीत बर्नर बंद करायला विसरले, तसेच घरी गेले, आणि सकाळी काच वितळवायच्या मुशीत सापडली कितीही तापवली तरी न तडकणारी काच! नव्या आवृत्तीच्या संपादिकेला या किश्श्याचा मूळ आधार हवा होता. एका लेखकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. सगळ्यांनी एकमेकांचंच उचललेलं. शेवटी माग लागला तो प्रोफेसरांच्या निरोप समारंभातल्या एका भाषणाचा. भाषण करणारे त्यांचे सहकारी अजून हयात होते.

दार त्यांच्या धाकट्या बहिणीने उघडलं. आत काळा चष्मा लावलेले आजोबा खुर्चीत बसले होते. किश्श्याचं नाव काढताच त्यांची कळी खुलली. त्यांनी तो असा रंगवून सांगितला की संपादिकेलाही हसू आवरेना.

"आणि तुझे डोळे, दादा?" बहीण मध्येच म्हणाली. "ते का गाळतोस?"

आजोबांनी चष्मा सारखा केला. मग हळूच म्हणाले, "सकाळी प्रयोगशाळेत आधी मी गेलो. झाकण उचललं आणि मूस फुटली. सगळं तोंडावर उडालं. फरशीवरचे तुकडे प्रोफेसरने नंतर गोळा केले. तीच ती काच."

"मग समारंभात तुम्ही..."

"तो मान खाली घालून बसला होता, असं ही माझ्या कानात म्हणाली. म्हणून अपघात वगळून मीच सांगितलं. सगळे हसले. तोही हसला, मी ऐकलं ना! आता तो नाही. तेवढं राहू द्या, बाई."

"याचा हात धरून जन्म काढला मी," बहीण म्हणाली. "शेजारची पोरं तो धडा घोकायला लागली की खिडकी लावून घेते."

संपादिकेने खरी हकीकत लिहून आजोबांना फोनवर वाचून दाखवली. ते नाही म्हणाले. खोटं छापायला तिचं मन धजेना. वरिष्ठ कुरकुरले, "अहो, अख्ख्या पुस्तकात पोरं तेवढ्यालाच हसतात!" तरी तिने हट्टाने किस्सा काढला. त्या जागी काचेचे उपयोग आले.

पुस्तक निघाल्यावर बहिणीचा फोन आला. "म्हणजे खोटंही गेलं आणि खरंही गेलं."

पलीकडून आजोबांचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"कुणी नाही. चुकून लागला," म्हणत बहिणीने फोन ठेवला.