पिसांना बोलावणं आलं, चिमट्याला नाही

मित्रांनो, चिमटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चुलीजवळचा चिमटा येईल. मी त्या कुळातला नाही. मी टेबलाच्या कडेला स्क्रूनं घट्ट बसतो आणि माझ्या पोलादी ओठांत एक बारीक गळ धरून ठेवतो. त्या गळावर रेशीम, पिसं आणि जर गुंडाळून खोटी माशी बांधतात. ती पाण्यावर पडली की ट्राउट मासा तिला खरी समजून गिळतो. वेल्समध्ये तायवी नदीकाठच्या एका स्वयंपाकघरात मी म्हातारा झालो.

मला गेथिननं घडवलं. तो गावचा घड्याळजी. नेस्टाशी त्याचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं एका मोडक्या घड्याळाचं पितळ वितळवलं, त्याला पोलादी ओठ बसवले आणि अंगठीऐवजी तिच्या हातात मला ठेवलं. नेस्टाच्या आईनं कपाळाला हात लावला. नेस्टानं मात्र मला त्याच संध्याकाळी खिडकीजवळच्या टेबलाला बसवलं.

ती शहरातल्या दुकानासाठी माश्या बांधायची. तिची कोकाबंडी नावाची माशी साऱ्या खोऱ्यात नावाजलेली होती. मोरपिसाच्या तंतूंचं गुबगुबीत अंग, शेपटाशी सोनेरी जरीचे वेढे आणि मानेशी तांबड्या कोंबड्याचं काळ्या टोकांचं पीस. लांबलांबून मासेमार यायचे, माशी उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "काय पीस आहे!" कुणी मोरपिसाला वाखाणायचं, कुणी नेस्टाच्या बोटांना. गळ घट्ट धरून कोण बसलं होतं, हे कुणी कधी विचारलं नाही. तो कोंबडा तर मेल्यावरही माझ्या डोळ्यांत खुपायचा. त्याच्या मानेचं कातडं नेस्टा रेशमी रुमालात गुंडाळून ठेवायची. मला नुसता फडका मिळायचा.

पुढे दुकानात परदेशातून स्वस्त माश्यांचे खोके येऊ लागले. दुकानदारानं नेस्टाला मनुकांचा पाव खाऊ घातला, गोड बोलला आणि नवीन काम द्यायचं थांबवलं. तिनं सगळा पसारा एका पत्र्याच्या डब्यात भरला. खाली मी, वर रेशमाची रिळं, मेण, मोरपिसं आणि सगळ्यांत वर ते कातडं. अंधारातही तो कोंबडा माझ्या डोक्यावरच होता.

कितीतरी वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात गेथिनला झटका आला आणि त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला. मासे धरायला नदीवर जाणं संपलं. तो दिवसभर खिडकीत बसून राहायचा आणि नेस्टा त्याच्यापाशी. कार्डिफहून त्यांची मुलगी हेलेद आली. तिनं आईसाठी एक नवाकोरा चिमटा आणला. चकचकीत, आणि गळ धरून स्वतःभोवती गोल फिरणारा! सोबत झगमगते प्लॅस्टिकचे धागेही होते.

"आई, तुझी बोटं रिकामी राहिली की तू नुसती बाबांकडे बघत बसतेस," हेलेद म्हणाली.

नेस्टानं त्या धाग्यांची एक माशी बांधून पाहिली आणि नाक मुरडलं. "अगं, ही माशाला दाखवायची की ख्रिसमसच्या झाडाला लावायची?"

हेलेद गेल्यावर तिनं डबा उघडला. मित्रांनो, तो उजेड मी कसा विसरेन! नेस्टानं एक रीळ उचललं आणि दोरा ताणला. तो तुटला. दुसरा मात्र टिकला. "बघ रे गेथिन, अजून दम आहे याच्यात!" कातड्याची एक कड कसरीनं खाल्ली होती, तरी उरलेली पिसं तशीच तुकतुकीत होती. तिनं ती गालाला लावली. मेण निघालं, मोरपिसं निघाली, जर निघाली. आता माझी पाळी म्हणून मी वाट पाहत राहिलो.

ती नव्या चिमट्याकडे वळली.

माझे सगळे जुने सोबती त्याच्या ओठांशी जाऊन बसले. तो गोल फिरायचा आणि नेस्टा खूश व्हायची, कारण तिच्या अधू डोळ्यांना माशी चहूबाजूंनी दिसायची. मी उघड्या डब्यात पडून ते बघायचो. माझ्या पितळेवर हिरवट डाग चढले होते. माझ्या आतही तसंच काहीतरी चढत होतं.

पण त्या खोलीत जळणारा मी एकटा नव्हतो. शेजारचा इदवाल नेस्टाच्या माश्या नदीवर न्यायचा आणि परत येऊन गेथिनसमोर हात फैलावून सांगायचा, "पुलाखाली एवढा मोठा लागला, एवढा!"

एके दिवशी गेथिन कडाडला, "तुझे हात धडधाकट आहेत हे दिसतंय मला. घरी जाऊन बायकोला दाखव!"

इदवाल टोपी उचलून निघून गेला. नेस्टानं पुढचं पीस उचललं. मग गेथिनची नजर डब्याकडे गेली.

"त्याला का नाही काढलंस?"

"कुणाला?"

"मी केला होता त्याला."

नेस्टाच्या हातातलं पीस तसंच राहिलं. "हेलेदनं एवढ्या हौसेनं आणलाय रे. आणि तो फिरतो म्हणून मला सगळं दिसतं."

"मग जुना मला दे."

"एका हातानं काय करणार आहेस?"

"दुसऱ्याचे मासे मोजत कुढत बसण्यापेक्षा बरंच काहीतरी करीन."

तिनं मला पुसलं आणि त्याच्या बाजूला घट्ट बसवलं. तो डावा हात! दोरा सुटायचा, पीस उलटं बसायचं, गळ त्याच्या अंगठ्यात रुतायचा. नेस्टा मदतीला आली की तो ओरडायचा, "हात लावू नकोस!" पलीकडे ते नवं कार्टं सुबक माशीमागून सुबक माशी करत होतं आणि माझ्या तोंडात रोज नुसता गुंता. इतकं वाईट मला डब्यातही वाटलं नव्हतं.

शेवटी एक माशी झाली. पायाखाली सापडलेल्या भुंग्यासारखी दिसत होती. नेस्टा हसू दाबू लागली, पण ते तिला जमेना. मग गेथिनही हसला. झटका आल्यापासून पहिल्यांदाच.

वसंतात नेस्टानं इदवालची समजूत काढली आणि त्यानं गेथिनला खुर्चीसकट काठावर नेलं. त्या दिवशी नव्या चिमट्यावर बांधलेल्या इदवालकडच्या माश्यांकडे एकही मासा फिरकला नाही. हे ऐकून मला किती गोड वाटलं, काय सांगू! गेथिनची दोरी लांब गेलीच नाही. त्याची माशी काठाखालीच पडली, आणि तिथंच पाणी उसळलं. त्यानं डाव्या हातानं गळाची काठी उचलली, दोरी ताणली गेली आणि तुटली. मासा माशीसकट पसार झाला.

गेथिन दारातूनच ओरडत आला, "नेस्टा! चोरली गं माझी माशी! चोरली त्यानं!"

नेस्टा चहा ओतत होती. "माझ्या माश्या आयुष्यभर नेल्यास," ती म्हणाली, "पण असा ओरडत कधी आला नाहीस."

तिचं तोंड हसत होतं, डोळे मात्र हसत नव्हते. मला ते कळलं. या घरात हेवा काय असतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

गेथिनलाही कळलं असावं. त्यानं तिच्या माश्यांतली एक उचलली आणि बराच वेळ उजेडात धरली. "अशी बांधता यायला मला दुसरा जन्म लागेल," तो म्हणाला. नेस्टानं त्याच्या चहात साखर जास्तच घातली.

मित्रांनो, घरात नवी वस्तू जरूर आणा. फक्त जुनीला डब्यात घालण्याआधी घरात बघा, तिच्यावाचून कुणाचा हात रिकामा राहिला आहे का. तिला पुसा, जागेवर बसवा, आणि जमलंच तर तिच्यासमोर नवीचं फार कौतुक करू नका.

तो फिरणारा अजून शेजारीच आहे. मी अजून त्याच्यावर जळतो. पण परवा माझ्या ओठांतून गळ निसटला आणि गेथिन माझ्यावर खेकसला, "अरे, धर की नीट!"

इतक्या वर्षांत मला कुणी रागावलंच नव्हतं. मी गळ घट्ट धरला.