आकृतीतला हात

"काका, हा हात बाईचा वाटतच नाहीये," तरुण संपादक नीरजा स्क्रीनवरचं चित्र मोठं करत म्हणाली.

उमाकांतरावांनी उगाचच चष्मा पुसला. राजाजीनगरमधल्या या प्रकाशनात ते विज्ञानाच्या पुस्तकांच्या आकृत्या काढत. आजवर त्यांच्या प्रत्येक आकृतीत परीक्षानळी धरणारा हात पुरुषाचाच असे. कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनाही कधी सुचलं नव्हतं. यंदा मात्र वरून सूचना आली होती, निम्म्या आकृत्यांत मुली दिसल्या पाहिजेत, सगळ्या रंगांची माणसं दिसली पाहिजेत. म्हणून त्यांनी बायकोला समोर बसवून तिचा हात काढला. सावळा, आखूड बोटांचा, अंगठ्यापाशी ॲसिडचा पांढरट डाग असलेला.

महानंदा निवृत्त होईपर्यंत कॉलेजच्या प्रयोगशाळेत अटेंडर होती. बर्नरपाशी बांगड्या चालत नसत. दाराशीच त्या उतरवून ती जेवणाच्या डब्यात ठेवी. परत घालायच्या राहिल्या की निपाणीहून आलेली सासू दारातच म्हणे, "नवरा मेला काय गं तुझा?"

आता तोच हात पुस्तकात येणार, असं उमाकांतराव तिला सांगून बसले होते.

"दोन हिरव्या बांगड्या घाला ना," नीरजा म्हणाली.

"मॅडम, लॅबमध्ये बांगड्या..."

"माहितीये हो काका. पण नाहीतर मुलगी आहे हे कळणार कसं? वर मोजतात ते. आणि तो डाग काढा प्लीज. हेल्परचा हात वाटतो, सायंटिस्टचा नाही. रंगही स्वल्प उजळ करा." आपल्याच कन्नडवर ती हसली. "प्रिंटमध्ये फार काळा येतो."

"हा हात माझ्या..." उमाकांतराव थांबले. नीरजाने मान वर केली.

"सरी, बरं," ते म्हणाले. "करतो."

पुस्तक घरी आलं तेव्हा शेजारच्या प्रेमाअक्का आधीच येऊन बसल्या होत्या. महानंदाने हात पुसून पुस्तक घेतलं आणि पानं उलटत शेवटापर्यंत गेली.

"अहो, यात माझा हात कुठं दिसत नाही."

उमाकांतरावांनी मागचं एक पान काढून बोट ठेवलं.

"अय्यो, काय नाजूक! काय गोरा!" प्रेमाअक्का ओरडल्या. "महानंदाअक्का, काय लावलंत हो हाताला?"

महानंदाही हसली. त्या हिरव्या बांगड्यांकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"छान आलाय," ती म्हणाली, आणि डागाचा हात तिने हळूच पदराखाली घेतला.